पडून राहा, आराम करा

डिस्चार्ज कार्डावर 'पेशंट पूर्ण बरा झाला' असं सहसा कुणी लिहीत नाही. ताप नाही, ऑक्सिजन समाधानकारक, सीआरपी उतरला, तोंडाने आहार सुरू, प्रकृती स्थिर, घरी सोडण्यास हरकत नाही, अशा ओळी असतात. त्या सगळ्या खऱ्या असतात. त्याच दिवशी ते कार्ड ज्याच्या नावाचं आहे तो माणूस कॉटवरून स्वतःच्या पायांवर उठू शकत नाही, हेही खरं असतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नसतं. त्यासाठी रकानाच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, एका जिल्ह्याच्या गावातल्या खाजगी हॉस्पिटलात. पावसाळा लागला की आमच्याकडे फ्लू आणि व्हायरल न्यूमोनियाचे पेशंट वाढतात, आणि त्यातले बरेच सत्तरीच्या पुढचे असतात. पुष्कळजण स्वतःच्या पायांनी येतात. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आलेले आजोबाही मी पाहिलेत. आठ-दहा दिवसांनी तेच आजोबा व्हीलचेअरवरून गाडीपर्यंत जातात आणि गाडीतून घरात दोघांनी धरून. विषाणू हरलेला असतो, फुप्फुसं सुधारलेली असतात. घरचे पेढे वाटतात, आणि वाटावेतच, कारण माणूस जिवंत परत आलेला असतो. मग महिन्याभराने फोन येतो, "मॅडम, बाबा अजून उठत नाहीत हो."

हे नुकसान कुणी केलं? विषाणूने, म्हातारपणाने, आम्ही, घरच्यांनी, की कुणीच नाही? मला हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो. पण शरीरात काय घडतं ते आधी नीट पाहिल्याशिवाय त्याच्याशी भिडता येत नाही, म्हणून थोडं तिकडून.

स्नायू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दंड, जिम, ताकद असं काही येतं. शरीराच्या हिशेबात स्नायू म्हणजे आणखी एक गोष्ट आहे: प्रथिनांची कणगी. चरबी साठवायला शरीराकडे हवी तेवढी जागा आहे, साखरेचा थोडा साठा यकृतात असतो. प्रथिनांसाठी मात्र असं वेगळं कोठार नाही. जी आहेत ती कुठल्या ना कुठल्या कामाला लागलेली, आणि त्यांचा सगळ्यात मोठा वाटा स्नायूंत. संसर्ग झाला की प्रतिकारशक्तीच्या पेशी आयएल-६, टीएनएफ-अल्फा असे रासायनिक निरोप सोडतात. त्यातून शरीरभर जी खळबळ उडते ती म्हणजे दाह, रिपोर्टच्या भाषेत इन्फ्लमेशन. यकृत तो निरोप ऐकून सीआरपीसारखी प्रथिनं भराभर बनवू लागतं. (हे सीआरपी १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. आज ते आपल्याकडे तालुक्याच्या लॅबमध्येही मोजतात.) यकृताला कच्चा माल हवा, नव्याने तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींना इंधन हवं, आणि पेशंटची तर अन्नावरची वासनाच उडालेली. मग कणगी फोडली जाते.

ती कशी फोडली जाते, तेही आता ठाऊक आहे. पेशी नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण लावते, पालिका पाडायच्या भिंतीवर लाल फुली मारते तशी. फुली पडलेलं प्रथिन तोडणारं यंत्र पेशीतच असतं. या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दाह भडकला की या फुल्या चांगल्या, धडधाकट भिंतींवरही पडू लागतात. टीएनएफला १९८० च्या दशकात 'कॅकेक्टिन' असंही नाव होतं. कॅकेक्सिया म्हणजे आजारात माणसाचं अंग झडत जाणं. शास्त्रज्ञांना तो रेणू त्याच वाटेने भेटला होता.

म्हणजे शरीर काही चूक करत नाही. संकटात ते मांडी विकून छाती वाचवतं.

विशी-तिशीत ही उसनवारी फिटते. पंधरा दिवस खाऊन-पिऊन, हिंडून-फिरून माणूस पूर्ववत होतो. सत्तरीत ती फिटत नाही, कारण म्हाताऱ्या स्नायूला तेवढ्याच अन्नातून कमी बांधता येतं. शिवाय वय वाढताना अंगात मंद दाह तसाही धुमसत असतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली त्याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. विषाणू येतो तेव्हा चुलीत निखारे आधीपासूनच असतात. आपल्याकडे याच्यात आणखी एक भर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर सारखेच, पण आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी. कणगी मुळातच अर्धी भरलेली.

इथवरचं विषाणूचं झालं. पुढचं कॉटचं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं. विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी त्यांचा दमसास जेवढा घसरला होता, तेवढा मधल्या तीस वर्षांच्या वयानेही घसरला नव्हता. २००७ मध्ये असाच प्रयोग सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांवर झाला. दहा दिवस कॉटवर. पायांचं मांस जवळपास एक किलोने कमी झालं. यांना ना ताप होता, ना खोकला, ना दाह. जेवणही मोजून, पुरेसं मिळत होतं. आता यावर फ्लू ठेवून बघा, चार दिवसांची उपासमार ठेवून बघा.

आणि हॉस्पिटलात माणूस किती वेळ आडवा असतो? अमेरिकेतल्या एका पाहणीत, घरी चालते-फिरते असलेल्या वृद्ध पेशंटना पायाला यंत्रं बांधून मोजलं. हॉस्पिटलातला ८३ टक्के वेळ ते पडून होते. तिकडच्याच अभ्यासांचा गोषवारा असा, की सत्तरीपुढच्या ज्यांना आजारपणात भरती व्हावं लागतं त्यांच्यातला जवळपास प्रत्येक तिसरा माणूस घरी जाताना अंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं यांतलं काहीतरी गमावून जातो, जे आजारी पडण्याआधी त्याला जमत होतं.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवली पाहिजे, नाहीतर मी डॉक्टरांच्या विरोधात बोलतेय असं वाटेल. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं, की डेक्सामेथासोन नावाच्या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडने कोविडच्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांमधले एक पंचमांशाने कमी होतात. ते औषध दाह दाबतं. आणि स्टेरॉइड स्नायूही खातात, हे आम्हाला कॉलेजात पहिल्यापासून शिकवलेलं असतं. पण इथे नैतिक कोडं वगैरे काही नाही. ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्या मांडीची चिंता नंतर. तो निर्णय कुणीतरी समोर बसून घेतलेला असतो, फायदा-तोटा तोलून, फाईलवर सही करून.

मला छळतात ते निर्णय, जे कुणी घेतच नाही.

लघवी मोजायची म्हणून पहिल्या रात्री घातलेला कॅथेटर पाचव्या दिवशीही तसाच असतो, कारण काढा असं कुणी म्हटलेलं नसतं. रात्री वॉर्डात मावशी एकच, म्हणून डायपर. पेशंट जेवायला लागून दोन दिवस झाले तरी हाताला सलाईन. कॉटचे कठडे वर. चष्मा घरी. चपला 'इथे हरवतील' म्हणून सुनेने पिशवीत घालून परत नेलेल्या. आता यातून उठायचं कसं? यातल्या एकाही गोष्टीमागे 'या माणसाने पडून राहावं' असा विचार नसतो. पण सगळ्या मिळून त्याला कॉटला बांधतात. दोरी न वापरता.

आणि हे बांधणं आम्हाला बांधणं वाटत नाही, काळजी वाटते. पेशंट पडला तर? हा प्रश्न खोटा नाही. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं तर त्यातून माणूस जातो, हे मी पाहिलेलं आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. पेशंट पडला की आवाज होतो, सगळे धावतात, फॉर्म भरला जातो, ड्युटीवर कोण होतं ते विचारलं जातं. पेशंट झडला की आवाज होत नाही. मांडी रोज किती बारीक होतेय, याचा फॉर्म नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने, हॉस्पिटलात पडून झालेल्या दुखापतीच्या जादा खर्चाचे पैसे द्यायचं थांबवलं. हेतू चांगलाच होता. पण न पडण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे कॉट, आणि झडण्याबद्दल कुणाचे पैसे कापले जात नव्हते. तिथल्याच काही वृद्धोपचार तज्ज्ञांनी पुढे हा धोका लिहून दाखवला.

तत्त्वज्ञानात एक जुना वाद आहे: इजा करणं आणि इजा होऊ देणं यांत नैतिक फरक आहे का? आपल्याला सहसा वाटतं की आहे. मी तुम्हाला ढकललं तर मी गुन्हेगार. तुम्ही घसरत असताना मी नुसती बघत राहिले तर मी वाईट, पण गुन्हेगार नव्हे. वॉर्डात आम्ही याच फरकाच्या आडोशाला उभे असतो. पेशंटला उठवलं आणि तो पडला, तर मी 'केलं'. उठवलं नाही आणि त्याचे पाय गेले, तर ते 'झालं'. पण कठडा वर करणं हीसुद्धा कृतीच आहे. चप्पल घरी पाठवणं ही कृती आहे. 'उठू नका हं' म्हणणं ही कृती आहे, दिवसातून दहा वेळा केलेली. 'काहीच न करणं' असं ज्याला आपण म्हणतो त्यात करणं केवढं भरलेलं असतं! इतकंच की ते दहाजणांत वाटलेलं असतं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं इतकं छोटं, इतकं प्रेमळ असतं की त्याला कुणी इजा म्हणणार नाही.

यात सिस्टरला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्याकडे रात्री वीस-वीस पेशंट असतात. एक पडला तर तिचं नाव निघतं आणि वीस झडले तर म्हातारपणाचं. तिच्या जागी मी असते तर कठडा वरच ठेवला असता. 'व्यवस्थेचा दोष' म्हणून सोडून द्यायलाही मन होत नाही. व्यवस्था हा शब्द आपण बहुतेकदा कुणालाच काही विचारायचं नसतं तेव्हा वापरतो.

बरं, हे आत्ता कळलंय असंही नाही. १९३५ च्या सुमारास लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात मार्जरी वॉरन या डॉक्टरांच्या ताब्यात शेजारच्या अनाथाश्रमवजा दवाखान्याच्या ७१४ खाटा आल्या. वर्षानुवर्षं 'आता यांचं काही होणार नाही' म्हणून झोपवून ठेवलेली माणसं. त्यांनी त्यांना तपासलं, उठवलं, चालवलं, आणि त्यातली बरीच घरी पाठवली. वृद्धोपचारशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख लिहिला, त्याचं नावच 'अंथरुणात जाण्याचे धोके' अशा अर्थाचं होतं. जवळपास ऐंशी वर्षं झाली. माहिती नव्हती, ही सबब आपल्याकडे नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते आपल्या भाषेत अडतं, मायेत अडतं. आजारपणाला आपला शब्दच 'अंथरूण धरणं' आहे. आजारी माणूस उभा दिसला की आपण ओरडतो, "अहो, उठलात कशाला?" म्हाताऱ्या आईबापांची सेवा म्हणजे त्यांच्या हाताला, पायाला काही करायला न लावणं. मुलगा बापाला चमच्याने भरवतो तेव्हा वॉर्डातले सगळे कौतुकाने बघतात. मीही बघते, डोळ्यांत पाणी येतं. पण आजोबांचे हात चांगले आहेत की! आणि चमच्यात काय असतं? साबुदाण्याची खीर, पातळ पेज, मऊ भात, शहाळ्याचं पाणी. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नाहीच. आजारी वृद्धाला दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागतं असं तज्ज्ञ सांगतात, तरण्या निरोगी माणसापेक्षा जास्त. पन्नास किलोच्या आजींना साठ-पंच्याहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हिशेब वेगळा, ते डॉक्टरांना विचारूनच.) 'पचायला जड' म्हणून आपण नेमकं तेच काढून घेतो ज्याने भिंत पुन्हा बांधली गेली असती. मेतकूट-भातातल्या मेतकुटात निदान डाळी तरी असतात. त्या मानाने आपल्या आज्या शहाण्या होत्या म्हणायच्या.

तरीही 'उठवा, चालवा, खायला घाला' एवढं सांगून हा प्रश्न मिटत नाही. तो किती अवघड आहे ते मला एका आजींनी दाखवलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, फ्लूने आलेल्या. ऑक्सिजन निघून दोन दिवस झाले होते. मी गेले आणि म्हटलं, "आजी, चला, पाय खाली सोडू या." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "अगं, साठ वर्षं उठतीच हाय की मी. पहाटे पाचला. आज पहिल्यांदा सून हातात चहा देती, तर तू आलीस व्हय उठवायला?"

यावर काय बोलणार? मी स्टूल ओढून बसले. ज्या बाईच्या आयुष्यात आराम नावाची गोष्ट पहिल्यांदा आली तीच मुळी सलाईनच्या नळीबरोबर, तिला मी कुठल्या तोंडाने 'आराम वाईट असतो' सांगणार होते? 'हालचाल करा, स्वावलंबी व्हा' हा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेकदा आयुष्यभर खुर्चीत बसलेला माणूस असतो. राबून राबून झिजलेल्या बाईला तोच सल्ला म्हणजे आणखी एक हुकूम.

थोड्या वेळाने मी वेगळं विचारलं. "आजी, घरी गेल्यावर काय काय सुनेनं करायचं आणि काय तुम्ही?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "सैपाक तिनं करावा. भांडी तिनं घासावीत. बास झालं माझं. परसाकडं मात्र माझी मी जाईन. तिथं कोण नको मला."

अमर्त्य सेन यांच्या लिखाणात एक भेद येतो, तो त्या दिवशी मला खरा समजला. एकजण उपवास करतोय आणि एकजण उपासमार सोसतोय. दोघांच्याही पोटात अन्न नाही. बाहेरून अवस्था एकच. फरक असा की पहिला खाऊ शकला असता. सेन म्हणतात, माणूस काय करतो एवढंच पाहू नका, तो काय काय करू शकतो ते पाहा. उपवास आणि उपासमार यांना आपल्या भाषेत सख्ख्या बहिणींसारखी नावं आहेत आणि तरी आपण त्यांची कधी गल्लत करत नाही. आराम करणं आणि उठता न येणं यांची मात्र रोज करतो. आजींना आराम हवा होता. तो त्यांचा हक्क होता आणि जरा उशिराच मिळालेला. पण आराम तेव्हाच आराम असतो जेव्हा उठता येत असतं. दहा दिवसांनी, आराम देता देता, आम्ही त्यांना अशा जागी नेऊन ठेवलं असतं जिथे पडून राहणं ही त्यांची निवड उरली नसती.

म्हणून मी त्यांना चालायला लावलं नाही. 'परसाकडं' जाण्यापुरतं जे लागतं तेवढंच आम्ही करत राहिलो: बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. मधल्या वेळात त्या निवांत पडून सुनेच्या हातचा चहा प्यायच्या.

याच्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला गंभीर वाटतो. दुसऱ्यावर अवलंबून राहणं म्हणजे अपमान, असं मी गृहीत धरतेय का? अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९९९ च्या त्यांच्या पुस्तकात पाश्चात्त्य नीतिशास्त्राला हेच सुनावलं, की तुम्ही सदानकदा धडधाकट, स्वतंत्र माणसाचाच विचार करता. पण माणूस बाळपणी, आजारपणात, म्हातारपणी परावलंबीच असतो, आणि ते माणूस असण्याचाच भाग आहे. मला हे पटतं. दुसऱ्याने अंघोळ घातली म्हणून कुणाची किंमत कमी होत नाही. जे खरोखरच शेवटाकडे निघालेत त्यांना उठवण्याचा अट्टहास मी करत नाही. तिथे ऊब, स्वच्छता आणि हातात हात एवढंच. मी बोलतेय ते टाळता येण्यासारख्या परावलंबनाबद्दल, जे आयुष्याने नव्हे तर आमच्या सोयीने आलेलं असतं. शिवाय आपल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते मरणाबद्दल फारसं बोलत नाहीत. म्हणतात, "हातपाय चालते आहेत तोवर बोलावणं यावं." त्यांची मागणी इतकी स्पष्ट आहे. आम्ही मात्र उत्तर देतो ते भलत्याच प्रश्नाचं. तुम्हाला जगवू, म्हणतो.

अतुल गवांदे यांनी 'बीइंग मॉर्टल'मध्ये त्यांच्या आजोबांबद्दल लिहिलंय. सीताराम गवांदे, महाराष्ट्रातल्या उटी गावचे शेतकरी. शंभरी ओलांडल्यावरही ते रात्री घोड्यावर बसून शेतावर फेरी मारायचे. बसमधून उतरताना पडले, डोक्याला लागलं, आणि जवळपास ११० व्या वर्षी गेले. कुठल्याही सुरक्षा समितीने त्यांना घोड्यावर बसू दिलं नसतं. घरच्यांनी बसू दिलं, आणि त्या घोड्यामागे एक अख्खं घर उभं होतं, हेही विसरू नये. ज्याच्या मागे असं घर नाही त्याचं काय, याचं उत्तर त्या गोष्टीत नाही. माझ्याकडेही पुरतं नाही. आमच्या जनरल वॉर्डात ज्या आजोबांजवळ कुणी बसायला नसतं ते नाइलाजाने भिंतीला धरून नळापर्यंत जातात. कधी पडतात, पण कधीकधी स्पेशल रूममध्ये केअरटेकर आणि डायपर असलेल्या आजोबांपेक्षा चांगले पाय घेऊन घरी जातात. यातून कुठलंही धोरण काढता येणार नाही. पण मी हे पाहिलंय.

करता येतं का, तर येतं. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात ३७० पेशंट घेतले, सरासरी वय ८७, सगळे अचानक आजारी पडून भरती झालेले. त्यातल्या निम्म्यांना हॉस्पिटलातच रोज थोडा वेळ बेताचा, देखरेखीखाली व्यायाम दिला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांची रोजची कामं करण्याची क्षमता घरी जाताना आधीपेक्षा घटली होती. व्यायाम केलेल्यांची सुधारली होती. हे २०१९ साली छापून आलं. यात महाग काही नाही. एक खुर्ची, एक माणूस आणि थोडा वेळ लागतो. यातलं आपल्याकडे काय कमी आहे ते सांगायला नको.

आणखी एक गंमत सांगते. कणगी फोडायला लावणाऱ्या निरोप्यांपैकी जो आयएल-६, तो चालणाऱ्या स्नायूंतूनही बाहेर पडतो. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटाने ते दाखवलं. तिथे तोच रेणू उलट दाह शमवायला मदत करतो.

गेल्या महिन्यात एका आजोबांच्या मुलीने मला दारातच अडवलं. "मॅडम, कालच ऑक्सिजन काढलाय. आज उभं करताय. पडले तर जबाबदारी कोण घेणार? तुम्ही?"

तिचा प्रश्न बरोबर होता. खुबा तिच्या वडिलांचा, आणि जोखीम मी ठरवणार. मी म्हटलं, "पडले तर माझी. पण पडून राहिले तर कुणाची, तेही आपण ठरवू या." सरांनी उभं करायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं होतं, ते तिला दाखवलं. पाय जाण्याचा धोका काय, पडण्याचा काय, दोन्ही सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबांनाच विचारा."

हे मला आधी कुणी म्हटलं नव्हतं. आजोबा सगळं ऐकत होते. त्यांनी लेकीला सांगितलं, "चारला दादा येतोय ना, तेव्हा. दोघंजण धरा मला." आणि माझ्याकडे वळून, "आणि पोरी, तो चष्मा दे आधी."

चार वाजता दादा आले. एका बाजूने ते, एका बाजूने मी. कॅथेटर सकाळीच निघाला होता, चपला लेकीने घरून आणल्या होत्या. आजोबा तीनदा उभे राहिले. चौथ्यांदा मी हात पुढे केला तेव्हा म्हणाले, "आता बास." आणि बसले.